एका शिष्यवृत्तीचे दोन अर्ज

हंगेरी सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणारी काही मुलं गुणांमुळे मागे पडतच नाहीत. हंगेरीच्या संकेतस्थळावर त्यांनी सगळं नीट भरलेलं असतं, हेतुपत्रही मन लावून लिहिलेलं असतं. पण दिल्लीत आपल्या शिक्षण मंत्रालयाकडे वेगळा अर्ज करायचा असतो, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तिथे नाव नाही म्हणजे भारताकडून शिफारस नाही, आणि शिफारस नसली की पुढे काही होत नाही. घरच्यांना वाटतं, मुलगा कमी पडला. वर्ष जातं ते जातंच, पण ‘आपल्याला जमत नाही’ हे त्याच्या मनात घर करून बसतं, ते मला जास्त सलतं.

म्हणून पालकांना आणि मुलांना पहिली विनंती ही, की सरकारी शिष्यवृत्तीची चौकशी करताना ‘किती टक्के लागतात?’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, ‘आमचं नाव पुढे कोण पाठवणार?’ खासगी विद्यापीठात प्रवेश हा तुमचा आणि विद्यापीठाचा व्यवहार असतो. सरकारी देवाणघेवाणीत मात्र दोन देशांमध्ये करार झालेला असतो, जागा ठरलेल्या असतात आणि नावं कोणी सुचवायची हेही ठरलेलं असतं.

हंगेरीचंच उदाहरण पुरतं पाहू. ‘स्टायपेंडियम हंगेरिकम’ ही योजना २०१३ साली सुरू झाली. तिकडचं काम टेम्पस पब्लिक फाउंडेशन ही संस्था पाहते. भारतासाठी वर्षाला २०० जागा ठरलेल्या आहेत आणि त्यांसाठी नावं पाठवतं आपलं शिक्षण मंत्रालय. एक अर्ज बुडापेस्टकडे, दुसरा मंत्रालयाच्या ‘साक्षात’ पोर्टलवर. हंगेरीची मुदत साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत असते. मंत्रालयाची मुदत तीच असेल असं धरून चालू नका; दोन्ही सूचना स्वतः उघडून वाचा.

आता पैशांचं. शिक्षण शुल्क माफ असतं आणि वसतिगृहात जागा मिळते किंवा घरभाड्यासाठी काही रक्कम मिळते, हे खरं. पण पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाती पडणारा भत्ता महिन्याला ४३,७०० फोरिंट, म्हणजे आपल्या दहा-बारा हजार रुपयांच्या आसपास. बुडापेस्टमध्ये तेवढ्यात महिना निघत नाही. विमानाचं तिकीटही आपल्याच खिशातून. ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ हे शब्द ऐकून निश्चिंत झालेल्या घरांनी हा हिशेब अर्जाच्या आधी कागदावर मांडावा. जमणार असेल तर संधी खरोखर चांगली आहे.

ब्रिटनच्या राष्ट्रकुल शिष्यवृत्तीची रीतही अशीच आहे. तिकडच्या आयोगाकडे एक अर्ज आणि भारताच्या शिक्षण मंत्रालयाकडे दुसरा. ही शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, शिक्षण संपलं की मायदेशी परतायचं ही तिची अट आहे.

परतण्याच्या अटीबद्दल घरात मोकळेपणाने बोलायला हवं. ‘एकदा गेला की तिकडेच स्थिरावेल’ असा विचार अनेक घरांत असतो, त्यात गैर काहीच नाही. पण मग रस्ता वेगळा निवडावा. ही अट किती कडक असू शकते, यासाठी अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचं पाहा. भारत आणि अमेरिका यांच्यातला मूळ करार १९५० चा. २००८ पासून भारत सरकारही खर्चाचा बरोबरीचा वाटा उचलतं, म्हणून नावात नेहरू आले. या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याला जे-१ व्हिसा मिळतो, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय अमेरिकेचा नोकरीचा एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. शिवाय पदव्युत्तर फेलोशिपसाठी किमान ३ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. शेवटच्या वर्षाच्या मुलीला त्यासाठी घाई करायला लावू नका. तिला आधी चांगलं काम करू द्या.

जपानची रीत निराळी. तिथे अर्ज जातो तो भारतातल्या जपानी दूतावासामार्फत. जपान सरकारच्या बारावीनंतरच्या ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्तीसाठी कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा, मुलाखत आणि शेवटी टोकियोत अंतिम निवड, असे टप्पे असतात. गणित आणि इंग्रजीची परीक्षा सगळ्यांना, विज्ञान शाखेला त्यांचे विषय वेगळे. मागच्या प्रश्नपत्रिका जपान सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या सोडवून पाहिल्या की आपण कुठे उभे आहोत ते आपोआप कळतं. निवड झालेल्यांना महिन्याला १,१७,००० येन, शुल्कमाफी आणि विमानप्रवास. मात्र पहिलं वर्ष निव्वळ जपानी शिकण्यात जातं आणि पुढचं शिक्षण बहुतेक जपानीतूनच होतं. या बाबतीत पुण्याची मुलं नशीबवान आहेत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकवतात, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही शहरातच आहे. अकरावीपासून भाषा सुरू केलेल्या मुलाला तिकडचं पहिलं वर्ष नक्कीच हलकं जाईल.

शाळकरी मुलांसाठी काही नाही का, असं तालुक्याच्या गावांतले पालक विचारतात. आहे, पण तिथे पालकांना अर्जच करता येत नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळा आपल्या मुलांच्या नव्या कल्पना ऑनलाइन पाठवते. निवड झाली तर नमुना बनवायला १०,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. राष्ट्रीय पातळीवर चमकलेली मुलं ‘साकुरा’ या जपानी विज्ञान कार्यक्रमातून जपानला जाऊन आली आहेत. त्यामुळे इथे मुख्याध्यापकांनाच गाठावं लागतं. शाळेने या वर्षी कल्पना पाठवल्या का, एवढं पालकसभेत विचारलं तरी पुष्कळ हालचाल होते. एनसीसीच्या युवा देवाणघेवाण कार्यक्रमाचं दारही असंच आतून उघडतं. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरापर्यंत पोहोचलेल्या कॅडेटांना या कार्यक्रमाची संधी मिळते.

कागदपत्रांत आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामाच सोडलेला असतो आणि पूर्ण नाव एकाच ओळीत कोंबलेलं असतं. परदेशी विद्यापीठाला मग दोन कागदांवर दोन माणसं दिसतात. दहावीची सुट्टी ही पासपोर्ट काढायची आणि हे जुळवून घ्यायची उत्तम वेळ. अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून लागणाऱ्या शिक्क्यासाठी, ते आधी राज्य पातळीवर प्रमाणित होतात, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जातात. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे ५० रुपये आणि वर सेवा संस्थेचा आकार. यात काही आठवडे जाऊ शकतात, तेव्हा निवडीचं पत्र येण्याची वाट पाहत बसू नये.

वर सांगितलेल्या हंगेरी, जपान आणि फुलब्राइटच्या शिष्यवृत्त्यांच्या अर्जाला सरकार एक पैसा घेत नाही. ‘कोट्यातली जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात कसलाही कोटा नसतो. हेतुपत्र तपासून घ्यायला कुणाची मदत घेतलीत तर हरकत नाही, पण लॉगिनचा पासवर्ड आणि मूळ प्रमाणपत्रं घरातच ठेवा.

सध्या बारावीत असाल आणि मन जपानकडे ओढत असेल, तर एप्रिल-मेच्या सुमारास मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि हंगेरीचा विचार असेल, तर ऑक्टोबरमध्येच दोन प्राध्यापकांकडे शिफारसपत्राचं बोलून ठेवा. डिसेंबरात परीक्षा आणि सुट्ट्या यांत ते सापडत नाहीत.