रात्र राखा, उजेड खाली पाडा



लागण, खत, पाणी यांवर आम्ही नेहमीच लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा, पण आपल्या शिवारातलाच आहे. गेल्या काही वर्षांत खांबांवर, वस्त्यांवर, गोठ्यांवर झगझगीत पांढरे एलईडी दिवे आले. सोय झाली, वीज वाचली. परंतु यांतले पुष्कळ दिवे तिरपे बसवलेले असतात. निम्मा उजेड रस्त्यावर, तर निम्मा पिकात आणि आभाळात जातो. हा वाया गेलेला उजेड नुकसान करतो.

प्रथम पिकाचे पाहू. फुलावर कधी यायचे, हे सोयाबीनला रात्रीच्या लांबीवरून कळते. दिव्याजवळच्या पट्ट्यात पुरती रात्र होतच नाही. मग तिथली रोपे नुसती वाढत राहतात, फुलोरा लांबतो आणि बाकीचे रान काढणीला आले तरी तेवढा पट्टा हिरवाच राहतो. खताचा किंवा बियाण्याचा दोष शोधण्याआधी रात्री तिथे उभे राहून आपली सावली पडते का, ते पाहावे. उसाचा तुरादेखील रात्रीच्या लांबीशीच बांधलेला आहे.

दुसरी गोष्ट हुमणीची. वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. ते दिव्याकडेही येतात, म्हणून आपण प्रकाश सापळा लावतो. सापळ्याखाली रॉकेलमिश्रित पाणी असते, गोठ्यावरच्या दिव्याखाली काहीच नसते. असा दिवा म्हणजे उसाशेजारी भुंगेऱ्यांना दिलेले आमंत्रणच. सापळासुद्धा संध्याकाळचे दोन-तीन तासच चालवावा. रात्रभर ठेवल्यास मित्रकीटकही त्यात मरतात.

तिसरे आपले आकाश. मृग निघाला की आपण पेरणीचे बोलतो, पण त्या दिवसांत सूर्य त्याच नक्षत्रात असल्याने ते दिसत नाही. मृग पाहायचा तो ऐन गळीत हंगामात, डिसेंबर-जानेवारीत रात्री पूर्वेकडे. मृगाचे ठळक तारे अजून दिसतात, पण जवळून जाणारा आकाशगंगेचा फिकट पट्टा उजेडात बुडतो. आपल्या नातवंडांना नक्षत्रे केवळ कॅलेंडरातच माहीत राहावीत काय?

यावर सभासद विचारतील, “साहेब, रात्री पाणी पाजायला जायचं, उसात बिबट्या, पायाखाली जनावर, आणि तुम्ही अंधार करा म्हणता?” नाही. दिवे काढा असे आम्ही म्हणत नाही. डोळ्यांवर येणाऱ्या झगमगाटाने मागची सावली उलट अधिक काळी दिसते. तोच दिवा खाली वळवला की पायवाट स्वच्छ दिसते.

हे होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. तिथे वाघाचे रान आहे, तरी गावे अंधारात बसली नाहीत.

आपणास करता येण्याजोगे उपाय असे :

१) दिव्याचे तोंड सरळ खाली करावे. वरून व बाजूने पत्र्याची टोपी बसवावी.

२) नवा दिवा घेताना पिवळसर उजेडाचा, ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, असा मागावा. निळसर पांढरा उजेड हवेत जास्त पसरतो.

३) काम संपल्यावर दिवा बंद करावा. विहीर व मोटारीजवळ बटण हाताशी असावे, रस्त्यात हातबॅटरी वापरावी.

४) पिकावर उजेड पडणारा खांब असल्यास ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. दिवा काढण्याची नव्हे, वळवण्याची मागणी करावी.

या कामाला खर्च थोडा आणि तरफदारी कोणाची लागत नाही. एका वस्तीने केले की शेजारची बघून करते, हा ठिबकचा अनुभव आपल्याला आहेच. आपल्या रानात असा हिरवा पट्टा आढळल्यास दिव्यापासूनचे अंतर पावलांनी मोजून गटाच्या चिटबॉयकडे नोंद द्यावी. आम्ही प्रत्यक्ष येऊन पाहू.

— ऊस विकास विभाग