जपानला निघालेल्या भाचीला आत्याचे कानमंत्र

तौलनिक संस्कृती शिकायला जपानला जायचं पक्कं केलंयस ना? मग चार गोष्टी आत्ताच कानावर घालते.

विद्यापीठाच्या नावाला भुलू नकोस, शिकवतात कुठल्या भाषेत ते आधी बघ. तोक्योच्या सोफिया विद्यापीठात पूर्वी ‘तौलनिक संस्कृती’ याच नावाची विद्याशाखा होती. २००६ पासून ती लिबरल आर्ट्‌स म्हणून चालते आणि शिकवणं इंग्रजीत होतं. तोक्यो विद्यापीठाच्या कोमाबा आवारात तौलनिक साहित्य-संस्कृतीचा पदव्युत्तर अभ्यास १९५३ पासून आहे, पण तिथे जपानीवाचून पान हलत नाही. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, पुण्यातही होते. एन-१ या सर्वांत वरच्या पातळीपर्यंतची मजल इथूनच मारायला लाग.

विषय अरुंद घे. ‘भारत आणि जपान’ हा विषय नव्हे, जत्रा झाली! त्यापेक्षा कांगितेन घे. चीनमार्गे, बौद्ध तंत्रमार्गाबरोबर तिकडे पोचलेला आपला गणपतीच तो. असाकुसाजवळ मात्सुचियामाच्या देवळात त्याला मुळा वाहतात, मूर्ती मात्र कुणाला दाखवत नाहीत. क्योतोत त्याच्या नैवेद्याचा तळलेला पुरचुंडीसारखा गोड पदार्थ मिळतो, तळणीच्या मोदकाच्या भाऊबंदांतला. पण साम्य सापडलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. आपल्याकडे जो भर मांडवात बसतो, तो तिथे बंद दाराआड का? प्रबंध या प्रश्नापासून सुरू होतो.

वाचायचं ते पेन्सिल हातात घेऊन. रूथ बेनेडिक्ट यांचं जपानवरचं गाजलेलं पुस्तक १९४६ चं, आणि बाईंनी जपानात पाऊलही न ठेवता लिहिलेलं. वात्सुजी तेत्सुरो यांनी ‘फूदो’त (१९३५) हवामानावरून माणसांचे स्वभाव मांडले आणि भारत-जपान दोघांनाही मोसमी खात्यात बसवलं. दोघांचं वाच, पण कोण कुठे उभं राहून बोलतंय ते समासात टिपून ठेव.

झेमीत, म्हणजे प्राध्यापकांच्या छोट्या चर्चावर्गात, तुझी मांडणीची पाळी असेल त्या दिवशी रेजुमेच्या, म्हणजे मांडणीच्या टिपणाच्या, प्रती सगळ्यांना पुरतील एवढ्या ने. बोलून झाल्यावर शांतता पसरली तर घाबरू नकोस, लोक विचार करत असतात. नंतरच्या कोन्पाला, म्हणजे सगळ्यांच्या खाण्यापिण्याच्या बैठकीला, जरूर जा. दारू नको असेल तर ऊलाँग चहा माग, कुणी वाईट वाटून घेत नाही. सेन्पाई, म्हणजे आपल्या आधीचे विद्यार्थी, मोकळेपणाने बोलतात ते तिथेच.

काम करायचं तर आधी परवानगी काढ. विद्यार्थी व्हिसावर पहिल्यांदा उतरतानाच ती मोठ्या विमानतळांवर मागता येते. सत्र चालू असताना मर्यादा आठवड्याला २८ तासांची, त्यात दोन-तीन ठिकाणची कामं मिळून सगळं आलं. जास्त पैशांच्या मोहाने ती ओलांडलीस, तर व्हिसा वाढवताना अडशील.

आणि जाण्यापूर्वी आपल्या घरचा एक गणेशोत्सव वही घेऊन बघ. मूर्ती कोण आणतं, मोदक कोण वळतं, आरतीला पुढे कोण असतं आणि मागे कोण, सगळं लिही. झेमीत पहिला प्रश्न तुझ्या घराबद्दलच येईल. त्याचं उत्तर तिकडच्या कुठल्याही ग्रंथालयात सापडायचं नाही.