आरोग्याचा पाठ : डोक्यातला कोंडा



नाताळच्या सुमारास वसतिगृहांतील मुलांसाठी आपल्याकडून खोकी येतात. त्यांत वह्या असतात, स्वेटर असतात आणि खोबरेल तेलाच्या बाटल्या हमखास असतात. त्यांमागचे प्रेम मी जाणते. तरी या अंकातील पाठ मी त्या बाटलीपासूनच सुरू करते, कारण डोक्यातल्या कोंड्याविषयी आपल्या घरांत जो सर्वांत पक्का समज आहे तो तेलाचाच आहे. कोंडा झाला म्हणजे डोके कोरडे पडले, तेव्हा तेल चोळा! पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर आणि वसतिगृहांत परिचारिकेचे काम करताना मला मात्र नेमके याच्या उलट दिसत आले आहे.

कोंडा म्हणजे काय, ते आधी पाहू. आपली कातडी सतत नवी होत असते. खालच्या पेशी वर येतात, वरच्या मरून गळून जातात. एरवी हा फेरा पुरा व्हायला साधारण महिना लागतो आणि गळणारे कण इतके बारीक असतात की दिसत नाहीत. कोंडा झालेल्या डोक्यात हा फेरा घाईने होतो. अर्धवट तयार झालेल्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि पापुद्र्यांसारख्या सुटतात. या घाईला बहुधा कारण असते ती मलासेझिया नावाची सूक्ष्म बुरशी. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव.

ही बुरशी आपल्या सर्वांच्या डोक्यावर राहते, अगदी रोज न्हाणाऱ्याच्याही. तिला लागणारी स्निग्धाम्ले तिला स्वतः तयार करता येत नाहीत, म्हणून ती आपल्या कातडीतून पाझरणाऱ्या तेलकटपणावर जगते. तो पचवून ती मागे जे टाकते त्यात ओलेइक आम्ल असते. काहींच्या कातडीला ते सोसते, काहींच्या नाही. ज्यांना सोसत नाही त्यांना खाज सुटते आणि कोंडा पडतो. ज्याला कोंडा नाही तो अधिक स्वच्छ, असे मुळीच नाही.

आता तेलाच्या बाटलीकडे वळू. ज्या बुरशीचे अन्नच स्निग्ध पदार्थ आहे, तिच्यावर आपण रात्री तेल थापतो आणि वर वेणी घट्ट बांधून ठेवतो. पाड्यांवर खोबरेल महाग पडते, तिथे मोहाच्या बियांचे किंवा करंजाचे तेल लावतात. या दोन्ही तेलांत ओलेइक आम्ल मुळातच भरपूर असते. मग तेलाने बरे वाटते ते का? कारण तेलाने पापुद्रे ओले होऊन केसांना चिकटून बसतात, खांद्यावर पडत नाहीत. कोंडा गेलेला नसतो, झाकलेला असतो.

नववीतल्या एका मुलीचे उदाहरण सांगते. वर्गात तिच्या खांद्यावर कोंडा दिसे, म्हणून तिला वेगळ्या बाकावर बसवले होते, आणि वसतिगृहात इतर मुलींनी तिची गादी कोपऱ्यात सरकवली होती. “लागट आहे,” असे सर्वांचे म्हणणे. ती बिचारी कोंडा दिसू नये म्हणून रोज सकाळी डोक्यावर तेल ओतायची. त्या तेलाने कोंडा वाढायचा, आणि वाढला की ती आणखी ओतायची. शाळा सोडून घरी जाते, असे ती मला म्हणाली ते कोंड्यापायी. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण जिच्या घरातून आजवर कोणी दहावीपर्यंत गेलेले नाही, तिच्या बाबतीत ते क्षुल्लक नाही. मी मुलींना बसवून दोनच गोष्टी सांगितल्या. कोंडा कोणाला कोणापासून लागत नाही, कारण ती बुरशी तुमच्याही डोक्यात आहे. आणि तेल बंद. औषधी शाम्पूने महिन्याभरात तिचे डोके बरेचसे निवळले. गादी मात्र त्याच रात्री जागेवर आली होती.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. कोंडा वयात येताना सुरू होतो, कारण कातडीतील तेलाच्या ग्रंथी तेव्हा जोमाने काम करू लागतात. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पांढरे दिसले, तर “कोंडा” म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा त्या लिखा असतात. ओळखायचे कसे? केस दोन बोटांत धरून पांढरा ठिपका सरकवून पाहा. कोंडा लगेच सुटतो. लीख केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेली असते, नखाने ओढावी लागते, आणि कानामागे व मानेवरच्या केसांत अधिक सापडते. त्यावर उपाय म्हणजे ओल्या केसांतून बारीक दातांची फणी, दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. लिखांतून उवा बाहेर पडायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून एकदाच फणी फिरवून भागत नाही. उवांसाठी डोक्याला रॉकेल लावण्याची चाल अजून आहे. चुलीच्या उजेडात, चुलीच्या धगीत रॉकेलने भिजलेले डोके! कृपा करून हे कोणी करत असेल तर थांबवा.

दुसरा सोंग घेणारा आजार म्हणजे डोक्यातला नायटा. यात एका ठिकाणी चकता पडतो, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसतात, कधी मानेमागे गाठी येतात. हा मात्र खरोखर लागट असतो. कंगवा, टोपी आणि उशीवरून पसरतो. याला घरगुती उपाय नाही आणि नुसता शाम्पूही पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात. उशीर झाला तर त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात.

लेवीयाच्या १३ व्या अध्यायात डोक्यावरच्या वा दाढीतल्या चट्ट्याविषयी जे सांगितले आहे, ते परिचारिकेच्या नजरेने एकदा वाचून पाहा. याजकाने केसांचा रंग आणि बारीकपणा पाहायचा, सात दिवस थांबायचे, चट्टा सोडून भोवती मुंडण करायचे, आणखी सात दिवसांनी पुन्हा पाहायचे. त्या काळी औषध नव्हते. पण पहिल्याच नजरेत निकाल द्यायचा नाही, ही शिस्त होती. आमच्या वसतिगृहांच्या रेक्टरबाईंना मी तेच सांगते. लिखा आणि नायटा या दोन्हींसाठी प्रत्येक मुलाचा कंगवा वेगळा हवा, तेव्हा यंदा खोक्यांत तेलाऐवजी कंगवे आणि फण्या घातल्यात तर मी आपली फार आभारी होईन.

आता घरगुती उपाय. लिंबाचा रस चोळण्याचा सल्ला सगळेच देतात, मी देत नाही. खाजवून सोललेल्या कातडीला तो झोंबतो, आणि रस लागलेल्या कपाळावर वा मानेवर ऊन पडले तर काळे डाग, कधी फोडही येतात. आमची मुले उन्हातूनच चालत शाळेत जातात. खाण्याचा सोडाही नको. डोक्याची कातडी किंचित आम्लधर्मी असते, सोड्याने ती आणखी बिघडते. कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीचे तेच, आणि आमच्याकडे मुलांच्या हाती न्हाताना तीच वडी असते.

आंबट दह्यातल्या आम्लाने पापुद्रे थोडे सैल होतात, अपाय काही नाही. पण ज्या घरात वाटीभर दही क्वचित होते, तिथे ते मुलाच्या पोटात गेलेले मला अधिक आवडते. रात्री भिजवून वाटलेली मेथी डोके मऊ करते, खाज थोडी शमते. याहून मोठी अपेक्षा ठेवू नये. कडुनिंबाचा पाला उकळून, गाळून, थंड करून त्या पाण्याने शेवटचे न्हाणे करावे. कडुनिंब बुरशीला आवर घालतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे, आणि पाला फुकट आहे. मात्र कडुनिंबाचे तेल लहान मुलांना जंतांसाठी वा खोकल्यासाठी पाजतात, ते कधीही करू नका. त्याने तान्ही बाळे दगावल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. खोबरेलात कापूर घालून लावल्याने गार वाटते एवढेच, आणि ती बाटली रांगत्या मुलाच्या हाती लागून थोडी जरी पोटात गेली तरी आकडी येऊ शकते. घरात लहान मूल असेल तर हा उपाय सोडा.

शिकेकाई आणि रिठा यांना माझी पसंती आहे. त्यांच्यात नैसर्गिक फेस असतो, तेलकटपणा निघतो, आणि कोंड्याला निम्मा आराम त्यानेच पडतो. रिठा डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार चुरचुरतो. खोबरेल ज्यांना सोडवत नाही, त्यांनी ते न्हाण्याआधी केसांच्या लांबीला लावावे, मुळांशी नको. केसांची झीज त्याने खरोखर कमी होते. पण रात्रभर ठेवू नये, लगेच धुऊन टाकावे.

एवढ्याने तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर औषधी शाम्पू घ्या. केटोकोनॅझोल दोन टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, असा वापरायचा. झिंक पायरिथिओनचे शाम्पूही चालतात. सेलेनियम सल्फाइडचाही गुण येतो, पण आधी अंगावरची चांदी उतरवून ठेवा, नाहीतर ती काळवंडते. आमच्या एका आजीबाईंनी कोंड्यापेक्षा त्याच गोष्टीचे अधिक दुःख केले होते! “शाम्पूने काही होत नाही,” असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकजण तो लावून लगेच धुतात. औषध कातडीवर तीन ते पाच मिनिटे राहिले पाहिजे. मुलींना मी एखादे गीत पूर्ण म्हणायला लावते, मगच तांब्या हातात देते.

खरी अडचण पाण्याची आहे. मोखाडा-जव्हारकडे पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी बायका टेकडी उतरून जातात. तिथे “आठवड्यातून दोनदा न्हा” हे सांगताना जीभ अडखळते. म्हणून मी हात धरून दाखवते. एका तांब्यात केस मुळापर्यंत भिजवायचे, शाम्पू केसांवर न ओतता बोटांच्या टोकांनी कातडीवर लावायचा, थांबायचे, मग वाकून तीन-चार तांब्यांत धुवायचे. अर्ध्या बादलीत होते. धुतलेले पाणी वालाच्या वा मिरचीच्या रोपांना मात्र घालू नये.

जाड, चंदेरी पापुद्रे केसांची रेषा ओलांडून कपाळावर आले असतील, कोपरांवर आणि गुडघ्यांवरही असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. मोठ्या माणसाला अचानक फार कोंडा, चेहऱ्यावर आणि छातीवर लाल खवले, सोबत वजन घटणे असे असेल तर रक्त तपासून घ्यावे. आणि दुकानदाराने दिलेली, चार औषधे एकत्र असलेली मलमे डोक्याला वा चेहऱ्याला लावू नयेत. त्यांत बहुधा स्टिरॉइड असते. आठवडाभर छान वाटते, मग दुखणे दुप्पट होऊन परत येते.

तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळट, तेलकट खपली धरते, तिला आज्या कोंडाच म्हणतात. ती नखाने काढू नका. तिथे मात्र थोडे खोबरेल लावावे, अर्धा तास थांबावे, मऊ कापडाने हलके पुसावे आणि कोमट पाण्याने सौम्य साबण लावून सगळे तेल धुऊन काढावे. दोन-चार महिन्यांत बहुधा ती आपोआप जाते. लाल होऊन पाणी सुटू लागले तरच बाळाला दवाखान्यात न्यावे.