इंजिन कुठे बसवायचे?

बैलगाडीत कडबा भरताना गाडीवान पेंढ्या कशाही टाकत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. ओझे फार पुढे गेले तर जू बैलांच्या मानेवर दाबून बसते. फार मागे गेले तर गाडी उलाळते, म्हणजे पुढची बाजू वर उचलली जाते. म्हणून तो ओझे आखाच्या थोडे पुढे येईल असे रचतो. गुरुत्वमध्य हा शब्द त्याने ऐकलेला नसेल, पण तो कुठे असावा हे त्याला पक्के ठाऊक असते.

मोटार बनवणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो. मोटारीतली सर्वांत जड एकजिनसी वस्तू म्हणजे इंजिन आणि त्याला जोडलेली गिअरपेटी. ती पुढे ठेवायची, मागे, की मध्ये? आणि तिची ताकद पुढच्या चाकांना द्यायची की मागच्या? घरच्या वापराच्या गाडीत याचे उत्तर जागा आणि किंमत पाहून दिले जाते. पण दोन माणसांची, बुटकी, केवळ चालवण्याच्या आनंदासाठी घेतलेली छोटी स्पोर्ट्‌स कार असेल, तर या एका निर्णयावर तिचा सगळा स्वभाव ठरतो.

हा स्वभाव सरळ रस्त्यावर दिसत नाही. तो वळणावर दिसतो. केजहून मांजरसुंब्यामार्गे बीडला जाताना बालाघाटचा डोंगर उतरावा लागतो. समजा, अशा घाटातील एका वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे आणि गाडीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम आहे. वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. वळण घेण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या या सूत्राने काढा. उत्तर येते ४,५०० न्यूटन. हे बल कोण पुरवते? फक्त टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर चारही टायर मिळून सुमारे ७,८४० न्यूटन देऊ शकतात. म्हणजे गाडी सुखरूप वळते. आता वेग ताशी ७२ करा. लागणारे बल ८,००० न्यूटन होते आणि गाडी घसरते! पावसाने घर्षणांक ०.४ वर आला तर ५४ चा वेगसुद्धा जास्त ठरतो.

आता खरी गंमत पुढे आहे. घसरायची वेळ आली की चारही चाके एकदम घसरत नाहीत. आधी पुढची घसरतात किंवा आधी मागची. कोणती, ते वजनाच्या वाटणीवर अवलंबून असते. पुढच्या चाकांवर ६० टक्के वजन असेल, तर वळणासाठी लागणारे ६० टक्के बलही त्यांनीच द्यावे लागते. पण टायर रबराचा असतो. त्याच्यावरचा भार दीडपट केला तर त्याची पकड दीडपट होत नाही, त्याहून थोडी कमीच वाढते. म्हणून जी बाजू जड, ती आधी हार मानते.

शिवाय टायरला दोन कामे असतात: गाडी ओढणे किंवा रोखणे आणि गाडी वळवणे. त्याची एकूण पकड १० भाग आहे असे समजा. वळण्यात ८ भाग खर्च झाले, तर ओढण्यासाठी किती उरले? २ असे घाईने म्हणू नका. ही दोन बले एकमेकांशी काटकोनात असतात. म्हणून हिशेब पायथागोरसच्या नियमाने होतो आणि ६ भाग उरतात. पण वळण्यातच सगळे १० भाग लागले, तर पायाने दिलेला जरासा जोरही टायर सोडवायला पुरतो.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन पुढे होते आणि ओढण्याचे कामही पुढच्याच चाकांकडे होते. जड बाजू तीच, ओढणारी तीच आणि वळवणारीही तीच. अशी गाडी वळणावर वेगात गेली, तर पुढची चाके घसरून ती वळणाच्या बाहेर सरळ जाऊ पाहते. घाबरलेला माणूस अशा वेळी पायाचा जोर काढतो. वेग कमी होतो, वजन थोडे पुढे सरकते आणि पुढची पकड परत येते. घाबरून केलेली गोष्टच येथे उपयोगी पडते. कुटुंबासाठी हा गुण मोलाचा आहे.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत इंजिन पुढे, पण ताकद लांब दांड्याने मागच्या चाकांना जात असे. वेग वाढवताना वजन मागे ढकलले जाते. नांगर ओढताना ट्रॅक्टरचे तोंड कसे हलके होते, ते आठवा. आपल्या १,००० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, चाकांतील अंतर अडीच मीटर आणि त्वरण ४ धरले, तर मागच्या चाकांवर ८०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ८० किलोंचा भार वाढतो. ओढणाऱ्या चाकांना नेमक्या वेळी जास्त पकड मिळते आणि पुढची चाके फक्त वळण्यासाठी मोकळी राहतात.

इंजिन पार मागे नेले तर? अशी एक गाडी तुमच्या चांगल्या परिचयाची असेल: टाटा नॅनो. २००८ मध्ये दाखवलेल्या या गाडीत ६२४ घन सेंटीमीटरचे इंजिन मागच्या सीटखाली होते. तिचे पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद आणि मागचे १५५. मागे वजन जास्त, म्हणून मागची पकड मुद्दाम वाढवलेली! जर्मनीच्या पोर्शे ९११ या प्रसिद्ध स्पोर्ट्‌स कारची रचनाही हीच आहे. लाखाची गाडी आणि कोट्यवधींची गाडी या बाबतीत बहिणी आहेत.

या रचनेत शेपूट जड असते. वळणावर चालकाने घाबरून पाय काढला की वजन पुढे सरकते, मागची पकड कमी होते आणि शेपूट बाहेर फेकले जाते. मारुतीत ज्या कृतीने माणूस वाचतो, तीच कृती येथे घात करते. पोर्शेच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत म्हणून पुढच्या बंपरमध्ये लोखंडाचे जड ठोकळे बसवले होते. उलाळणाऱ्या गाडीत पुढे धोंडा ठेवावा, तसाच हा उपाय! पुढे १९६८ मध्ये कंपनीने मागची चाकेच ५७ मिलिमीटर मागे नेली. अमेरिकेत शेवरोले कॉर्व्हेअर या मागे इंजिन असलेल्या गाडीवर राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात पहिलेच प्रकरण लिहिले. १९७२ मध्ये सरकारी चौकशीने ती त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोक्याची नाही असा निर्वाळा दिला खरा, पण तोवर तिचे उत्पादन बंद झाले होते.

आता एक प्रयोग करा. दोन हात लांब काठी घ्या. पाण्याने भरलेल्या दोन सारख्या बाटल्या तिच्या दोन टोकांना बांधा. काठी मधोमध धरून मनगटाने इकडेतिकडे फिरवा. नंतर बाटल्या मुठीजवळ सरकवून पुन्हा फिरवा. वजन तेवढेच, पण काठी किती चटकन फिरते! इंजिन सीटांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या मध्याजवळ ठेवले की हाच फायदा मिळतो. मात्र चटकन वळणारी गाडी घसरली, तर गिरकीही चटकन घेते.

ही रचना महाग असते असा समज आहे. पण एक युक्ती आहे: पुढच्या चाकांनी चालणाऱ्या साध्या गाडीचे इंजिन आणि गिअरपेटी जशीच्या तशी उचलून सीटांच्या मागे ठेवायची. फियाटने १९७२ मध्ये आपल्या ‘१२८’ या घरगुती गाडीचे इंजिन घेऊन ‘एक्स-वन-नाईन’ ही छोटी गाडी अशीच केली. मुंबईचे दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘अवंती’तही रेनॉचे दोन लिटरचे इंजिन असेच मध्ये आहे. अर्थात, सामानाची जागा आक्रसते आणि इंजिनाची धग पाठीशी येते.

मग लोकांना कोणती आवडते? १९८९ मध्ये दोन छोट्या स्पोर्ट्‌स कार बाजारात आल्या, दोन्हींचे इंजिन १.६ लिटरचे. इंग्लंडच्या लोटस एलानची ताकद पुढच्या चाकांना होती, जपानच्या माझदा एमएक्स-५ ची मागच्या चाकांना. वळणावरच्या वेगासाठी परीक्षकांनी एलानला नावाजले. पण ती महाग होती आणि पाच हजारही खपली नाही. माझदाने २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. किंमत हे एक कारण झाले. दुसरे मला जास्त महत्त्वाचे वाटते. माझदात चालक पुढच्या चाकांना हाताने आणि मागच्यांना पायाने वळण समजावून सांगतो, आणि गाडी त्याला लगेच उत्तर देते. एलान वेगाने वळत असे, पण बोलत कमी असे.

केजच्या बसस्थानकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या आता जरा निरखून पाहा. पुढच्या आणि मागच्या टायरवरचे आकडे वहीत टिपून घ्या. मागे वाकून लांब दांडा दिसतो का ते बघा. रिक्षाचे इंजिन कुठे असते? ती उतारावरच्या वळणात कोणत्या बाजूला कलते, आणि तीनच चाके असल्याने आपल्या हिशेबात काय फरक पडेल? उत्तर स्वतः काढून पाहा.