जोड्या चुकल्या

शाळेच्या गणितात मला पैकीच्या पैकी मिळायचे, त्यामुळे ऑलिम्पियाडचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा भीती अशी वाटलीच नाही. ‘चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स’ हे जाडजूड पुस्तक आणलं आणि पोथी वाचावी तसं वाचून काढलं. गणित वाचायचं, दहा मिनिटं पेन चावायचं, मग उत्तर बघायचं. उत्तर पटायचंच. ‘हे तर मलाही सुचलं असतं’ म्हणत पान उलटायचं. सहा महिन्यांत बरंच पुस्तक ‘झालं’.

मग सरांनी सराव परीक्षा घेतली. पहिलंच गणित असं: 1 ते 100 मधल्या कोणत्याही 51 संख्या उचलल्या, तर त्यांत एकीने दुसरीला निःशेष भाग जाईल अशा दोन असतातच, हे सिद्ध करा. मला हसू आलं. वाचलेलं होतं! 51 म्हणजे पिजनहोल तत्त्व: खुराड्यांपेक्षा कबुतरं जास्त असली, की एका खुराड्यात दोन येतातच. खुराडी 50, कबुतरं 51. भराभर जोड्या पाडल्या: (1, 2), (3, 4), (5, 6)... एखादी जोडी अख्खी येणारच. आली की! पण ती 7 आणि 8 ची असली तर? 7 ने 8 ला भाग कुठे जातो? पाऊण तास मी त्याच जोड्यांना धरून बसलो होतो.

त्या जोड्या दुसऱ्याच गणितातल्या होत्या. 51 संख्यांत दोन सहमूळ संख्या असतातच, हे दाखवायचं असतं तेव्हा लागोपाठच्या जोड्या चालतात. इथे खुराडी वेगळी लागतात. प्रत्येक संख्येला विषम संख्या उरेपर्यंत 2 ने भागत जा: 48 चे उरतात 3, 96 चेही 3. शंभरापर्यंत विषम संख्या पन्नासच, म्हणून 51 पैकी दोघींचा उरलेला भाग सारखाच येणार आणि लहानीने मोठीला भाग जाणार. मला 51 आठवत होते. खुराडी कशी बांधायची, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

आता माझ्याकडे मुलं येतात आणि ‘सर, पाचशे गणितं झाली’ म्हणतात. मी त्यांना एवढंच विचारतो, की 51 ऐवजी 50 घेतल्या तर? (51 ते 100 घेऊन बघा, सगळं मोडतं.) एका गणितावर दोन दिवस गेले तरी चालेल. अगदीच अडलं तर उत्तराची पहिली ओळ वाचा आणि पुस्तक मिटा. पूर्ण उत्तर वाचावंच लागलं, तर पंधरा दिवसांनी कोऱ्या कागदावर तेच गणित पुन्हा सोडवा. निम्म्या वेळा जमत नाही, आणि तेव्हाच खरा अभ्यास सुरू होतो.

आणि लिहा. हल्ली ऑलिम्पियाडच्या पहिल्या फेरीला, म्हणजे आयओक्यूएमला, तीन तासांत तीस प्रश्न आणि उत्तरं नुसती आकड्यांत, त्यामुळे मुलं लिहायचं सोडूनच देतात. पुढे आरएमओ या विभागीय फेरीत तेवढ्याच वेळात सहाच गणितं असतात, पण सगळी सिद्धता कागदावर उतरवावी लागते. ‘डोक्यात होतं’ याला गुण नाहीत.

मी न सुटलेल्या गणितांची वेगळी वही घातली, तेव्हा दुसऱ्या खेपेला आरएमओ निघाली. त्यापुढची राष्ट्रीय फेरी, आयएनएमओ, मात्र नाही. वही अजून आहे. तिच्यात भूमितीचं एक गणित तसंच पडलंय. त्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे, ते मला ठाऊक आहे.