तेल पुन्हा पुन्हा का गळतं? जुन्या जीपवरून कारण शोधायला शिकवणारा पाठ



आपल्या महाड-पोलादपूर भागात वाड्या डोंगरावर आणि बाजार खाली. त्यामुळे जुनी फोर बाय फोर जीप अजून अनेक घरांत टिकून आहे. सिमेंटच्या गोणी, भाताची पोती, आजारी माणूस, सगळं तिच्यावरच. अशाच एका पालकांच्या जीपचं पुढच्या ॲक्सलचं तेल गळत होतं. दोन पावसाळ्यांत तीन वेळा ऑइल सील बदललं. प्रत्येक वेळी महिना-दीड महिना बरं चालायचं, मग डाव्या चाकाशी पुन्हा तेलाचा ओघळ दिसायचा. शेवटी कारण सापडलं आणि गळती थांबली. ते कारण इतकं सोपं आहे की चौथी-पाचवीच्या मुलांना वर्गात करून दाखवता येतं. त्यावरच हा पाठ बेतला आहे.

इयत्ता : चौथी, पाचवी (परिसर अभ्यास)
वेळ : दोन तासिका
उद्दिष्टे : १) हवा तापली की प्रसरण पावते आणि गार झाली की आकुंचन पावते, हे विद्यार्थी कृतीतून सांगतो. २) लक्षण आणि कारण यांतला फरक ओळखतो. ३) निरीक्षणाची नोंद करून क्रमाने कारण शोधतो.
साहित्य : काचेची जाड बाटली, दोन स्ट्रॉ, मळलेली कणीक किंवा चिकणमाती, रंगीत पाणी, गरम पाणी, बादलीभर गार पाणी, जुना पुठ्ठा.

आधी शिक्षकांसाठी थोडी माहिती

फोर बाय फोर गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांसारखीच पुढच्या चाकांनाही मिळते. त्यासाठी पुढच्या ॲक्सलच्या मध्यभागी एक गोल पेटी असते. तिच्यात क्राऊन-पिनियनचे दाते फिरतात. त्या पेटीत गिअर ऑइल असतं, गॅरेजमध्ये त्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात. पेटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्या आणि नळ्यांतून चाकांपर्यंत गेलेले दांडे, म्हणजे शाफ्ट. तेल पेटीतच राहावं म्हणून शाफ्टभोवती रबराचं ऑइल सील बसवलेलं असतं. सीलची पातळ कड फिरत्या शाफ्टला हलकेच टेकून असते आणि आतल्या बाजूची बारीक स्प्रिंग ती कड दाबून धरते.

आता पुढचं चाक वळायलाही हवं. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपच्या रचनेवर बनलेल्या जुन्या जीपांत नळीच्या टोकाला एक मोठा पोकळ गोळा असतो, त्याला नकल म्हणतात. नकलमध्ये ग्रीस भरलेलं असतं. आतलं सील हरलं की पेटीतलं तेल नकलमध्ये शिरतं, ग्रीस पातळ करतं आणि गोळ्याच्या कडेने बाहेर झिरपतं. तिथून ते आणखी पुढे सरकलं तर चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये पोचतं.

खरी भीती इथेच आहे. खाली पडणारं तेल पैशाचं नुकसान करतं, पण ब्रेक लायनरवर गेलेलं तेल जीव धोक्यात घालतं. एका चाकाचा ब्रेक धरतो, दुसऱ्याचा घसरतो आणि गाडी एका अंगाला ओढते. आंबेनळी, वरंध किंवा कशेडी घाटाच्या उतारावर हे झालं तर काय, हे आपल्या भागात कुणाला वेगळं सांगायला नको. त्या जीपच्या मालकांनाही गाडी ब्रेक मारल्यावर ओढायला लागली, तेव्हाच दुखणं खोल असल्याचं कळलं.

कृती १ : दोन नळ्यांची बाटली

बाटली पाव भाग रंगीत पाण्याने भरा. एक लांब स्ट्रॉ पाण्यात बुडेल अशी ठेवा. दुसरी आखूड, पाण्याच्या बरीच वर राहील अशी. बाटलीचं तोंड कणकेने घट्ट बंद करा, फक्त स्ट्रॉची टोकं बाहेर दिसू द्या. आता आखूड स्ट्रॉवर एका मुलाने बोट ठेवायचं. बाटली रिकाम्या पातेल्यात ठेवून तिच्याभोवती गरम पाणी ओता. हे काम शिक्षकांनीच करायचं. पाणी उकळतं नको, नाहीतर काच तडकेल.

बघा काय होतं. लांब स्ट्रॉमधून रंगीत पाणी वर चढतं. मुलं ओरडतातच, “सर, पाणी वर आलं!” आता बोट काढायला सांगा. पाणी लगेच खाली उतरतं.

मुलांना विचारा : पाणी कुणी ढकललं? बोट काढल्यावर ते खाली का आलं? उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या. हवा तापली, तिला जास्त जागा हवी झाली. वाट बंद होती म्हणून तिने पाण्याला ढकललं. वाट मोकळी मिळाल्यावर ती निघून गेली.

ही आखूड स्ट्रॉ म्हणजेच जीपचा ब्रीदर. ॲक्सलच्या वरच्या बाजूला एक बोटाएवढी टोपी असते, तोच ब्रीदर. गाडी चालली की दाते घासून तेल तापतं, वरची हवा तापते आणि ब्रीदरमधून बाहेर जाते. आपल्याकडच्या लाल मातीचा चिखल त्या टोपीवर बसून वाळला, की भोक बुजतं. मोठ्या मुलांना आकडाही सांगता येईल : बंद जागेतली हवा २७ अंश सेल्सिअसवरून ८७ अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. ऑइल सील असा दाब पेलण्यासाठी केलेलंच नसतं. मग नवंकोरं सीलही तेल सोडतं. त्या जीपचं हेच झालं होतं. सील तीनदा बदललं, पण टोपीकडे कुणी पाहिलंच नाही.

कृती २ : पाणी आत कसं जातं?

रिकामी बाटली गरम पाण्यात थोडा वेळ धरा. मग तिचं तोंड उलटं करून गार पाण्याच्या बादलीत बुडवा. आतली हवा गार होऊन आकसते आणि पाणी बाटलीत चढतं.

घाट चढून तापलेली जीप पावसाळ्यात ओढ्यात किंवा पाणी भरलेल्या मोरीवर उतरते, तेव्हा अगदी हेच घडतं. ॲक्सल एकदम गार होतो आणि बाहेरचं पाणी सीलच्या कडेने आत ओढलं जातं. सीलची कड तेल आत अडवण्यासाठी असते, बाहेरचं पाणी रोखायला ती तितकी उपयोगी नाही. पाणी मिसळलेलं तेल दुधाळ, चहासारखं दिसतं. त्याने बेअरिंग गंजतात, बेअरिंग खिळखिळं झालं की शाफ्ट थरथरतो आणि थरथरणाऱ्या शाफ्टवर कोणतंच सील टिकत नाही. जुलै २०२१ च्या महाडच्या पुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांच्या मालकांना ॲक्सलचं तेल तपासायला म्हणूनच सांगावं लागतं. वरून धुऊन गाडी चकचकीत होते, आतलं पाणी मात्र आतच राहतं.

कृती ३ : पुठ्ठ्याची डायरी

कारण शोधायचं तर आधी नीट बघायला हवं. मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : डाग कुठे? कसा? केव्हा? घरी मोटारसायकल, रिक्षा, पाण्याचा पंप, काहीही चालेल. आधी मोठ्यांनी ती जागा पुसून कोरडी करायची, मग खाली पुठ्ठा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी नोंद करायची.

इथे एक नियम मुलांच्या पक्का लक्षात राहतो : तेल खाली वाहतं, म्हणून ओली असलेली सगळ्यांत वरची जागा शोधायची. खालचा थेंब बघून निर्णय घेतला तर चूक होते. मधल्या पेटीजवळ ओलं असेल तर पिनियनचं सील किंवा झाकणाचं पॅकिंग. चाकाजवळच्या गोळ्यावर ओलं असेल तर आतलं सील. चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ असेल तर ब्रेक ड्रम उघडून बघितल्याशिवाय गाडी घाटात न्यायची नाही.

दुरुस्तीचा क्रम (पालकांसाठी)

जीप असलेल्या पालकांनी मेकॅनिककडे जाताना हा क्रम लक्षात ठेवावा.

१. ब्रीदर काढून साफ करा. फुंकर मारली तर हवा आरपार जायला हवी. शक्य असेल तर त्याला रबरी नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली उंच बांधून घ्या, म्हणजे चिखल आणि पाणी दोन्ही टळतं.

२. तेलाची पातळी बघा. ती भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावी, त्याहून वर नको. गाडी सपाट जागी उभी करूनच बघायचं. आपल्याकडे अंगण उताराचं असतं, तिथे पातळी चुकीची दिसते आणि तेल जास्त भरलं जातं. तेल दुधाळ असेल तर सगळं बदला.

३. बेअरिंग आणि किंगपिनमध्ये ढिलेपणा आहे का, ते चाक उचलून हलवून बघायला सांगा.

४. शाफ्ट बाहेर काढल्यावर सील बसतं त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं, तर तिथे चर पडला आहे. चरावर नवं सील बसवून उपयोग नाही. त्यावर पातळ स्लीव्ह चढवावी लागते किंवा शाफ्ट बदलावा लागतो.

५. सील सगळ्यांत शेवटी. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, कडेला थोडं तेल लावून, चारी बाजूंनी सारखं ठोकून. शाफ्ट परत घालताना तो उचलून धरायचा, नाहीतर त्याचे दाते सीलची कड कापतात.

तेल लागलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. तेल आत मुरलेलं असतं. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.

त्या जीपचा ब्रीदर बुजलेला निघाला आणि डाव्या शाफ्टवर चरही निघाला. दोन्ही कामं झाली, मग चौथं सील बसवलं. त्यानंतरचा पूर्ण पावसाळा पुठ्ठा कोरडा राहिला.

आपल्या वर्गातली गळती

आता थोडं आपल्या कामाविषयी. एखादं मूल ५०३ − २१८ चं उत्तर ३१५ लिहितं. आपण तपासतो, चूक म्हणतो आणि सरावाला आणखी दहा गणितं देतो. चार दिवस बरं जातं, चाचणीत पुन्हा तीच चूक. ही दहा गणितं म्हणजे आपलं ऑइल सीलच झालं.

ते ३१५ जरा नीट बघा. मुलाने ३ आणि ८ मधला फरक ५ घेतला, ० आणि १ मधला १, ५ आणि २ मधला ३. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. त्याची वजाबाकी येते, पण शतक सुटं करून दशक आणि दशक सुटं करून एकक करायचे, हे त्याला उमगलेलं नाही. त्याला गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात द्यायला हव्यात. डीएडला निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन आपण सगळ्यांनी शिकलं आहे. निदान आधी, उपचार नंतर, हा क्रम जीपलाही लागू आहे आणि मुलालाही.

पालकांनीही घरी “पुन्हा चुकलास?” म्हणण्याऐवजी “हे कसं केलंस, मला सांग बरं” असं विचारून बघावं. मूल बोलायला लागलं की कारण आपोआप समोर येतं.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. सायकलची ट्यूब सारखी पंक्चर होते. ट्यूबशिवाय आणखी काय काय तपासाल?
२. दुपारच्या उन्हात ठेवलेला फुगा का फुटतो?
३. गरम डबा झाकण लावून गार होऊ दिला, तर झाकण उघडायला जड का जातं?
४. घरात पुन्हा पुन्हा होणारी एक अडचण लिहा. तिचं लक्षण कोणतं आणि कारण कोणतं असेल?

सूचना : जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुलांना कधीही जाऊ देऊ नका. मोठ्यांनीही फक्त जॅकवर भरवसा न ठेवता मजबूत स्टँड लावावा आणि चाकांना उटी द्यावी. मुलांचं काम पुठ्ठा आणि वही, एवढंच.

पाठ आपल्या वर्गात घेऊन बघा. चौथ्या प्रश्नाची उत्तरं मात्र जपून ठेवा, मुलांच्या घरातलं बरंच काही त्यातून आपल्याला कळतं.