ऊब टिकवायला शिक

निफाड,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सौ. केतकी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला विजेच्या बिलाचा फोटो पाहिला आणि त्याखालचा प्रश्नही वाचला. ‘आत्या, नाशिकची थंडी इतकी महाग असते का?’ मुंबईत वाढलेल्या मुलीला हा प्रश्न पडणारच. तिथे पंखा एक नंबरवर आणला की हिवाळा साजरा होतो. आमच्या निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा एखाद्या वर्षी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि नाशिकही त्याच्या मागोमागच असतं. पण केतकी, थंडीला पैसे पडत नाहीत. महाग पडते ती ऊब विकत घ्यायची सवय. घरात आहे ती ऊब आधी धरून ठेवायची, उन्हाची फुकट मिळते ती भरून घ्यायची आणि एवढं करूनही जी कमी पडेल तेवढ्यापुरतीच वीज किंवा गॅस जाळायचा. सगळा हिवाळा या क्रमाने चालव. क्रम उलटला की बिल फुगतं.

आधी तुझ्या रूम हीटरचं बघू. तो 2000 वॅटचा आहे, म्हणजे तासाला दोन युनिट. रोज रात्री तीन तास लावलास तर महिन्याला 180 युनिट नुसते त्याचेच. आपल्याकडे शंभर युनिटांपर्यंत एक दर, तिथून तीनशेपर्यंत त्याहून चढा आणि पुढे आणखी चढा. दिवे, फ्रिज, वॉशिंग मशीन यांनी खालचा टप्पा तसाही भरलेलाच असतो, त्यामुळे हीटरचं प्रत्येक युनिट वरच्या दराने मोजलं जातं. त्याऐवजी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आण. दीड लिटर पाणी पिशवीपुरतं तापवायला एका युनिटाचा दहावा भागही लागत नाही. पाणी उकळतं नको, चांगलं कढत पुरे. पिशवी दोन-तृतीयांश भरायची, आतली हवा दाबून काढायची, झाकण घट्ट बसलं का ते उलटी करून पाहायचं आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून झोपायच्या आधी पाव तास पांघरुणात सरकवून ठेवायची. अंथरूण उबदार झालं की ईशानच्या बाजूची पिशवी काढून घ्यायची. लहान मुलाला पिशवीसह झोपवू नये, कातडी नाजूक असते.

आता उन्हाचं. आपल्याकडच्या थंडीची एक खूण लक्षात ठेव. दिवसा पारा पंचवीसच्या पुढे असतो आणि पहाटे दहाच्या खाली येतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. म्हणजे ऊब रोज येते आणि रोज निसटते. ती अडवणं आपलं काम. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य डोक्यावर नसतो. दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर. म्हणून उन्हाळ्यात ज्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, तिच्यातूनच हिवाळ्यात ते खोलीत लांबवर पसरतं. त्या खिडकीसमोरचं कपाट आणि वाळत घातलेले कपडे हलव. दहाच्या सुमारास सगळे पडदे सारून खिडक्या उघडायच्या. साडेचारला खिडक्या लावायच्या आणि पडदे ओढायचे. दिवे लागेपर्यंत थांबलीस तर मिळवलेली ऊब तासाभरात निघून जाते. पडदे पातळ असतील तर जुनी चादर दुहेरी करून मागून टाचून घे. दाराखालच्या फटीतून गार वारा शिरतो, तिथे जुन्या साडीची गुंडाळी लाव. एखादी वरची झडप मात्र बोटभर उघडी असू दे, हवा खेळली पाहिजे. टाइल्सवर ईशान खेळतो तिथे सतरंजी अंथर.

पांघरुणांवर नव्याने पैसे घालू नकोस. दुकानातल्या गुबगुबीत ब्लँकेटपेक्षा दोन पातळ पांघरुणं एकावर एक घेतलेली जास्त ऊब देतात, कारण मधे हवेचा थर कोंडला जातो आणि तोच आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. गोधडी उबदार होते ती याच कारणाने. तुझ्या आजीच्या नऊवारीची गोधडी कपाटात घडी घालून ठेवली आहेस ना? ती बाहेर काढून नीट बघ. आत तीन-चार लुगड्यांचे थर आहेत आणि कडेपासून सुरू झालेला धावदोरा चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत गेलेला आहे. टाके इतके जवळजवळ आहेत की थर जागचे हलत नाहीत, आणि तरीही दोन टाक्यांमधलं कापड किंचित फुगलेलं राहतं. त्या फुगवट्यात हवा असते. गादीवर एक गोधडी अंथर आणि एक पांघर. अंगाखालची ऊब गादीत जाते हे आपण विसरतो आणि वरूनच पांघरुणं वाढवत बसतो. जुनी रजई गोळे होऊन कडक झाली असेल तर टाकू नकोस. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घे, नव्या रजईपेक्षा कितीतरी कमी पैशांत ती पुन्हा हलकी होते. घरातल्या जुन्या सुती साड्या बोहारणीला देण्याआधी मला विचार. आमच्या गल्लीत गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत, तुझ्या साड्यांना गोधडीचा जन्म मिळेल आणि त्यांच्या हाताला काम.

सगळी अंथरुणं-पांघरुणं आठवड्यातून एकदा अकरा ते तीन कडक उन्हात टाक, मधे एकदा उलटी कर. दमट गोधडी कितीही जाड असली तरी गारच लागते. लोकरीचे कपडे सारखे धुऊ नयेत, उन्हात झटकले तरी पुरतं. धुवायचेच झाले तर रिठ्याच्या गार पाण्यात, न पिळता, सावलीत आडवे पसरून. दोरीवर टांगलेला स्वेटर पाण्याच्या वजनाने ओघळतो. ईशानसाठी नवं घ्यायचं असेल तर जानेवारीच्या शेवटी घे, तेव्हा स्वेटरवाले माल काढून टाकायच्या घाईत असतात. एक माप मोठं घे म्हणजे पुढचा हिवाळाही निघेल.

गीझरबद्दल तू विचारलंस. पंधरा लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं. 2 किलोवॅटच्या गीझरला पाऊण नाही, पाव तासाच्या आसपास वेळ पुरतो. तेवढ्यात गार पाणी मिसळून एक मोठी बादली होते. मग तो तासभर चालू ठेवायचं कारण काय? त्याचा आकडा साठावरून पन्नासवर आण, नाहीतरी आपण साठचं पाणी गार घालूनच वापरतो. अंघोळी एकापाठोपाठ एक उरका, म्हणजे तापलेलं पाणी निवून पुन्हा तापवावं लागणार नाही. नळातून आधी जे गार पाणी येतं ते बादलीत धर, भांड्यांना होईल. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी पहाटे बर्फासारखं असतं आणि दुपारी तीनला कोमट. कपडे, भांडी आणि सुटीच्या दिवशी ईशानची अंघोळ दुपारीच कर. तुमच्या इमारतीला बोअर असेल तर आणखी सोपं. जमिनीतलं पाणी थंडीतही गारठत नाही. इथले द्राक्षबागायतदार कडाक्याच्या पहाटे मणी तडकू नयेत म्हणून बागेला बोअरचं पाणी सोडतात ते त्याचसाठी.

स्वयंपाकघरात हिवाळा स्वस्ताईचा असतो, फक्त बाजार ओळखता यायला हवा. मेथी, पालक, मटार, गाजर, फ्लॉवर, टोमॅटो, तुरीच्या शेंगा, सोलाणा, आवळा हे सगळं आता उतरलेल्या भावात मिळतं. मटार डिसेंबर-जानेवारीत घे. दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग निथळून कोरडे करून फ्रीझरमध्ये. उन्हाळ्यात दुप्पट-तिप्पट भाव देण्यापेक्षा हे बरं. आवळ्याचा मोरावळा घाल, थोडे किसून मीठ लावून वाळव. कांद्याच्या बाबतीत फसू नकोस. सध्या लासलगावला येणारा लाल कांदा चवीला चांगला, पण तो टिकत नाही. आठवड्यापुरताच आण. साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मे मधला. बाजरी थंडीतच खावी, पण पीठ चार-पाच दिवसांपुरतंच दळून आण, बाजरीच्या पिठाला लवकर कडवटपणा येतो. डिंकाचे लाडू महाग पडतात हे खरं. सासूबाईंसाठी थोडे कर आणि बाकीच्यांसाठी अळिवाचे किंवा तीळ-गूळ-शेंगदाण्याचे. अंगात ऊब आणायला तेही तितकेच उपयोगी.

दही लागत नाही म्हणून गॅसवर दूध पुन्हा पुन्हा तापवू नकोस. कोमट दुधात नेहमीपेक्षा थोडं जास्त विरजण घाल आणि पातेलं फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेव. इडलीचं पीठ दुपारी उन्हात ठेवलं की फुगतं. डाळ-कडधान्यं रात्री कोमट पाण्यात भिजव, कुकरच्या दोन शिट्ट्या वाचतात. सकाळी एकदाच पाणी तापवून थर्मासमध्ये भर, दिवसभर प्यायला पुरतं. फ्रिजचं बटण हिवाळ्याच्या खुणेवर आण. तेवढ्यानेही युनिट कमी होतात.

अंग फुटतं, टाचा भेगाळतात, त्यासाठी महागड्या बाटल्या नकोत. अंघोळीआधी दहा मिनिटं तिळाचं तेल चोळ. टाचांना कोकणातून येणारं कोकमतेल लाव. ते वड्यांच्या रूपात मिळतं, कोमट करून रात्री भेगांत भरायचं आणि वर जुने मोजे घालायचे. ओठांना तूप. खोबरेल घट्ट झालं तर बाटली उन्हात ठेव, पातळ होतं.

आता सर्वांत महत्त्वाचं सांगते आणि ते नीट ऐक. काही ठिकाणी काटकसर करायचीच नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. वीज वाचवायला म्हणून कोंदट न्हाणीघरात गॅस गीझर लावतात तेही तसंच घातक आहे. तो लावायचाच तर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. पाणी तापवायचा स्वस्त रॉड वापरत असाल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, ईशानला तर त्या खोलीत येऊच देऊ नका. घरात वीज गळली की ट्रिप होणारा स्विच नसेल तर आधी तो बसवून घ्या. आणि सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यांच्या खोलीच्या उबेचा हिशेब लावू नकोस. त्यांना पहाटेची अंघोळ सोडून अकराला करायला सांग, कानटोपी आणि मोजे घालायला लाव. एखाद्या कडाक्याच्या रात्री त्यांच्यासाठी हीटर लावावा लागला तर खुशाल लाव. इतर ठिकाणी वाचवलेलं त्याचसाठी तर वाचवायचं.

इमारतीच्या रखवालदाराची खुर्ची रात्रभर उघड्यावर असते. पिंजून आलेल्या रजयांतली एक त्याला दे.

दर रविवारी सकाळी मीटरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला आजपासून सुरुवात कर. चार रविवार झाले की कुठल्या आठवड्यात काय जास्त झालं ते तुझं तुलाच दिसेल आणि पुढच्या बिलाची धास्ती राहणार नाही. ते चार आकडे मला कळव, आपण दोघी मिळून बघू.

अविनाशरावांना आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग, ईशानला पापा.

कळावे,
तुझी आत्या